जुन्या वस्तऱ्यांचे ऑनलाइन लिलाव: बोली लावण्याआधी आणि विकायला काढण्याआधी

पोलादी

इथल्या दाढीच्या धाग्यावर (म्हणजे चर्चेत) वस्तऱ्याचा विषय निघाला की हटकून कुणीतरी विचारतं, "लिलावात एक जुना शेफील्डचा दिसतोय, घेऊ का?" (शेफील्ड म्हणजे वस्तऱ्यांसाठी गाजलेलं इंग्लंडमधलं शहर.) उत्तर द्यायला बसलं की ते लांबत जातं आणि मूळ धागा भरकटतो. म्हणून हा वेगळा काढला. इथे फक्त जुने, जमवण्याजोगे सरळ वस्तरे आणि त्यांची लिलावातली खरेदी-विक्री. दाढी कशी करावी, कोणता साबण चांगला, हे कृपया तिकडेच.

आधी मुद्द्याचं. एकाच वस्तऱ्यावर दोन अगदी वेगळी माणसं बोली लावत असतात. एकाला त्याने दाढी करायची असते. पात्यात पोलाद किती शिल्लक आहे, धार सरळ आहे का, तडा नाही ना, एवढंच तो बघतो. मूठ बदललेली असली तरी त्याची हरकत नसते. दुसरा संग्राहक. त्याला छाप, म्हणजे बनवणाऱ्याचं ठोकलेलं नाव किंवा खूण, स्वच्छ वाचता यायला हवी, मूठ आणि पिना मूळच्या हव्यात, पात्यावरची नक्षी आणि सोनेरी मुलामा शाबूत हवा. धार बोथट असली तरी त्याचं काही अडत नाही. वस्तरा एकच, पण दोघांच्या लेखी त्याचं मोल निराळं. आपण पहिल्याच्या गरजेने लिलावात शिरतो आणि दुसऱ्याच्या आकड्याला वस्तरा घेऊन बाहेर पडतो, तिथे सगळा घोळ होतो. बोली टाकण्याआधी यातले आपण कोण, हे पक्कं करा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

आता फोटो. लिलावात वस्तरा हातात येत नाही, येतात ते फोटो. त्यामुळे जे दाखवलंय त्यापेक्षा जे दाखवलेलं नाही ते आधी शोधायचं. पात्याच्या दोन्ही बाजू पूर्ण उघडून, पाठीवरून, धारेच्या समोरून, मानेवरची (पात्याच्या मागच्या, मुठीजवळच्या भागावरची) छाप जवळून, मूठ दोन्ही अंगांनी, आणि मिटलेला वस्तरा वरून: एवढे फोटो नसतील तर मागून घ्या. मिटलेल्या वस्तऱ्याचा फोटो फार बोलका असतो. पातं मुठीत मध्यभागी बसतं की एका बाजूला टेकतं, ते त्यात दिसतं. टेकत असेल तर मूठ वाकलेली आहे, पिन सैल आहे किंवा पातंच पिळलेलं आहे. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय आहे, तिसरीवर नाही. विक्रेत्याने फोटो द्यायला टाळाटाळ केली तर त्यालाच उत्तर समजावं.

धारेला काटकोनात जाणारी केसासारखी रेघ दिसली तर तो तडा. तडा गेलेलं पातं वापरायच्या दृष्टीने संपलं. टवका उडालेला असेल तर तो दगडावर घासून काढता येतो, मात्र तेवढी रुंदी जाते. फोटोत पात्यावर प्रकाशाची जी पट्टी चमकते तिच्याकडे बघा. ती मध्येच तुटली किंवा मोडली तर तिथे काहीतरी आहे.

पाठीची झीज तर बघाच. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, म्हणजे धारेचा कोन पाठच ठरवते. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साडेतीन ते चार पट असली की कोन साधारण १४ ते १६ अंशांचा येतो. वर्षानुवर्षं दाबून घासलेल्या वस्तऱ्याच्या पाठीवर रुंद सपाट पट्टा पडतो आणि हे गणित बिघडतं. तो पट्टा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर पातं वाकडं झिजलंय. धार मध्ये आत वळलेली असेल, म्हणजे पात्याचा चेहरा रडवेला दिसत असेल, तर ती सरळ करण्यात बरंच पोलाद जाईल.

मापं अजून इंचाच्या आठव्या हिश्श्यात सांगतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९, आणि ८/८ म्हणजे पूर्ण इंच. वर्णनात माप नसेल तर पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. "मोठं पातं" हे माप नव्हे.

छापा आणि काळ यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो.

चौकस_नजर

उत्तम धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली). छापांवर लवकर लिहा. एका विक्रेत्याने बनवणाऱ्याचं नाव म्हणून चक्क "कास्ट स्टील" लिहिलंय, ते वाचून हसावं की रडावं कळेना.

पोलादी

@चौकस_नजर, असे लिलाव सोडू नका. विक्रेत्याला आपल्याकडे काय आहे हे माहीत नसतं आणि शोधयंत्रालाही ते सापडत नाही, त्यामुळे बोली लावणारे कमी असतात. "कास्ट स्टील" ही पोलादाची जात. बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्डमध्ये मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. पुढे कारागीर अभिमानाने ते शब्द पात्यावर ठोकू लागले.

"सिल्व्हर स्टील"चीही अशीच गंमत आहे. मायकेल फॅरडे आणि जेम्स स्टोडार्ट यांनी १८२०च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यात पोलादाच्या ५००व्या हिश्श्याएवढी चांदी मिसळलेलं एक मिश्रण होतं. त्याचा गवगवा झाला आणि ते शब्द विक्रीसाठी वापरात आले. तेव्हा ही छाप असलेला वस्तरा "अठराव्या शतकातला" म्हणून मांडला असेल तर सरळ पुढे जा. आणि छाप आहे म्हणून पात्यात चांदी आहे असंही धरू नका.

काळ ठरवायला उपयोगी पडणाऱ्या खुणा सांगतो.

राजमुकुट आणि अक्षरं: जी. आर. म्हणजे ब्रिटनचा राजा जॉर्ज, डब्ल्यू. आर. म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. डब्ल्यू. आर.चा काळ अवघा सात वर्षांचा, म्हणून संग्राहक त्यावर तुटून पडतात. जी. आर. दिसताच "जॉर्जियन" (१८३०पर्यंतच्या जॉर्ज राजांच्या काळातला) म्हणून नाचू नये, कारण विसाव्या शतकातही जॉर्ज राजे झाले. तिथे पात्याचा आकार बघायचा.

देशाचं नाव: अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे "इंग्लंड" किंवा "जर्मनी" अशी छाप असलेला वस्तरा बहुतेक १८९१ नंतरचा. याचं उलट मात्र खरं नाही. देशाचं नाव नाही म्हणून तो १८९१च्या आधीचा ठरत नाही. तो अमेरिकेला जाण्यासाठी बनलाच नसेल. विक्रेते ही उलटी बाजू बिनदिक्कत वापरतात.

आकार: अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना मानेच्या मागे शेपूट (बोट टेकवायचा वळलेला दांडा) नसते किंवा अगदी आखूड असते. जुनी पाती पाचरीसारखी जाड. कागदासारखं पातळ, दोन्ही अंगांनी खोल पोकळ घासलेलं पातं १९व्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं. पूर्ण पोकळ पातं आणि वर्णनात "जॉर्जियन" असेल तर विक्रेता अडाणी आहे किंवा लबाड. दोन्हीत तुमचा तोटाच.

झोलिंगेन: जर्मनीतल्या या गावाच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. तिथल्या हेन्केल्स कंपनीची जुळ्या माणसांची खूण १७३१ची. पण खूण १७३१ची म्हणजे वस्तरा १७३१चा नव्हे! हे सांगावं लागतं, कारण अशी वर्णनं खरोखर दिसतात.

निसणा

छान माहिती, पण तडा फोटोत दिसतो यावर मी फार विसंबणार नाही. पूर्ण पोकळ पात्यातला बारीक तडा भल्या फोटोतही सुटतो. विक्रेत्याला सरळ लेखी विचारा, "धारेला कुठेही तडा आहे का? नख धारेकडून हलकेच फिरवल्यावर अडकतं का?" उत्तर संकेतस्थळाच्या संदेशपेटीतच घ्या. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून परत करायची वेळ आली तर तोच पुरावा. "मी यातला जाणकार नाही, फोटो बघून ठरवा" असं उत्तर आलं तर बोली तडा आहे असं धरून लावा.

आणि गंज. लाल, भुरभुरणारा गंज चालू असतो, काळा डाग बहुधा थांबलेला. पण काळ्या डागाखालचा खड्डा धारेपर्यंत पोचलाय का ते बघावं. पाठीजवळ कितीही खड्डे असले तरी दाढी करणाऱ्याला त्याचं काही नाही, धारेवर एक असला तरी दरवेळी धार तिथे तुटत राहते. संग्राहकाचं उलट. त्याला धारेवरचा खड्डा चालेल, पण छापेवरचा नको. धागाकर्त्याने मांडलेले दोन ग्राहक इथे अगदी स्पष्ट वेगळे होतात.

शेवटचा_ठोका

वस्तऱ्याबद्दल सगळे बोलले, लिलावाबद्दल कुणीच नाही. मी थोडं लिहितो.

ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही कमाल आकडा टाकता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतं वाढवत नेते. समजा तुमची कमाल १०० आणि दुसऱ्याची ८०, तर तुम्हाला ८० अधिक एक टप्पा एवढंच पडतं. विल्यम विक्री (Vickrey) या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिलं की पाकीटबंद लिलावात जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाची बोली भरावी लागत असेल, तर आपल्याला वाटणारं खरं मोल लिहिणं हेच सगळ्यात शहाणपणाचं. १९९६चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे तत्त्वतः एकदा खरा आकडा टाकून झोपायला हरकत नाही.

प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि वस्तऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांचा २००२चा अभ्यास आहे. त्यांनी ईबे आणि अ‍ॅमेझॉनचे त्या वेळचे लिलाव ताडून पाहिले. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी संपायचा, अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की मुदत वाढायची. शेवटच्या क्षणी बोली लावणारे ईबेवर कितीतरी जास्त निघाले. आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या कामाची: संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात उशिरा बोली लावणं जास्त होतं. कारण उघड आहे. संगणक काय आहे ते सगळ्यांना कळतं. जुन्या वस्तूत जाणकाराने बोली लावली की बाकीच्यांना फुकटात कळतं की माल अस्सल आहे. तुमची लवकरची बोली ही इतरांसाठी मोफत सल्ला ठरते.

म्हणून मी कमाल आकडा आधी ठरवतो, लिहून ठेवतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाकतो. वर गेला तर गेला. मुदत वाढवणाऱ्या संकेतस्थळांवर या युक्तीचा उपयोग नाही. तिथे धीर हवा.

मुक्तछंद

हे मला नेहमी लबाडीचं वाटत आलंय. आठवडाभर प्रामाणिकपणे बोली लावणाऱ्याच्या तोंडचा घास शेवटच्या तीन सेकंदांत काढून घ्यायचा?

शेवटचा_ठोका

अहो मुक्तछंद, आठवडाभर बोली लावणाऱ्याने आपला खरा कमाल आकडा पहिल्याच दिवशी टाकला असता तर माझ्या तीन सेकंदांनी काही बिघडलं नसतं. "आत्ता थोडं टाकू, कुणी वर गेलं तर मग बघू" असा ज्याचा विचार असतो तोच चिडतो. आणि या थोड्या-थोड्याच्या नादात माणूस ठरवल्यापेक्षा वर जातो. विक्रेत्यांना तेच हवं असतं.

विक्रेत्यांवरून आठवलं. स्वतःच्याच मालावर दुसऱ्या खात्यातून बोली वाढवणारे असतात. बोलीचा इतिहास उघडून बघा. नावं झाकलेली असली तरी अमुक बोली लावणाऱ्याच्या किती टक्के बोल्या याच विक्रेत्याच्या मालावर आहेत, ते दिसतं. एखादा सतत याच विक्रेत्याकडे बोली लावतो आणि सहसा जिंकत नाही, असं चित्र असेल तर दूर राहा.

हरल्यावर "दुसरी संधी" म्हणून निरोप आला तर तो संकेतस्थळाच्या संदेशपेटीत आहे का ते आधी तपासा. बाहेरच्या ईमेलवर आला असेल आणि पैसे परस्पर पाठवा म्हणत असेल तर तो चोर.

सातवार

नमस्कार. मी फक्त सात दिवसांचे संच जमवते, त्याबद्दल थोडं.

एका पेटीत सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर एका वाराचं नाव. रोज वेगळा वापरायचा आणि बाकीच्यांना विश्रांती द्यायची, अशी कल्पना. दिसायला फार देखणे, त्यामुळे दाढी न करणारेही यांच्यावर बोली लावतात आणि किंमत भडकते. लिलावातल्या अशा पुष्कळ संचांत एखादा वस्तरा उपरा असतो. कुणाचा बुधवार हरवला, कुणाचा शनिवार मोडला, मग दुसऱ्या फुटलेल्या संचातून भरती केली जाते. वर्णनात मात्र "संपूर्ण संच".

काय बघायचं: सातही पाठींवरच्या अक्षरांचं वळण एक आहे का, छापा एकाच ठशाच्या आहेत का, पिनांखालच्या चकत्या सारख्या आहेत का, मुठींच्या कडा पेटीच्या खाचांत नीट बसतात का. हस्तिदंताच्या मुठी असतील तर पिवळेपणाची छटाही बघते. एकीची छटा निराळी असेल तर प्रश्न विचारते. एकाच पेटीत एकत्र राहिलेल्या मुठी साधारण एकसारख्या पिकतात. उपरा वस्तरा वाईटच असं नाही, पण मग तो सहा अधिक एक संच झाला आणि बोली तशी लावायची.

पेटीत वस्तरे ठेवू नयेत, हेही सांगते. जुनं कातडं आणि अस्तर दमटपणा धरून ठेवतात. माझ्या पेट्या रिकाम्या असतात आणि वस्तरे वेगळे, तेलाचा हात फिरवून.

नियमावली

हस्तिदंताचा उल्लेख आला म्हणून लिहितो, नाहीतर कुणीतरी अडचणीत येईल. आफ्रिकन हत्ती १९८९च्या निर्णयाने साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात गेला, आशियाई हत्ती त्याआधीच होता. अमेरिकेने २०१६ साली आणि ब्रिटनने २०२२ पासून व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली, मोजके अपवाद सोडून. ईबेवर २००९ पासून हस्तिदंत विकायला बंदी आहे. कासवाच्या कवचाचं तेच, तेही पहिल्या परिशिष्टात.

परिणाम काय, तर वर्णनात "हस्तिदंत" हा शब्दच येत नाही. "हाड असावं", "जुनी पांढरी मूठ", "नैसर्गिक साहित्य" असं लिहितात आणि जाणकाराला खूण पटावी अशी अपेक्षा करतात. पार्सल सीमाशुल्कात अडकलं तर वस्तू जाते, पैसे जातात, वर खुलासे करत बसावं लागतं. सातवारताई, तुमचे संच देशाबाहेर विकायचे झाले तर आधी दोन्हीकडचे कायदे बघा.

सातवार

विकतंय कोण! पण बरोबर आहे. ओळखायची रीत सांगून ठेवते, म्हणजे चुकूनही घेतलं जाणार नाही. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. मुठीच्या टोकाच्या जवळच्या फोटोत ती कधीकधी सापडते. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या असतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. आणि अगदी समांतर, एकसारख्या रेषा असल्या तर ते सेल्युलॉइड, म्हणजे जुनं प्लास्टिक, हस्तिदंताची नक्कल.

नवा_गडी

सगळं वाचतोय, डोकं गरगरतंय. एक लिलाव बघतोय: ५/८, पोकळ पातं, "जर्मनी" छाप, मूठ मधासारखी पिवळी आणि अर्धपारदर्शक, फार सुंदर. पात्याच्या मधल्या भागावर गंज आहे, मान मात्र स्वच्छ. विक्रेता म्हणतो, "हलका गंज, सहज निघेल." अजून कुणी बोली लावलेली नाही. घेऊ का?

निसणा

थांबा! वर्णनावरून ते सेल्युलॉइड कुजल्याचं लक्षण वाटतंय. जुनं सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ते विघटित होऊ लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि ती पोलाद खाते. मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीत जातो तिथेच गंज आणि बाहेर राहणारी मान स्वच्छ, ही त्याची नेमकी खूण. दमटपणाने गंजलेला वस्तरा असा भाग मोजून गंजत नाही.

विक्रेत्याला विचारा: मुठीला बारीक तडे आहेत का, वास येतो का, कापराचा किंवा आंबट. उत्तर "हो" असेल तर मूठ वाचवता येत नाही. पात्यातही खोल खड्डे पडले असतील. तरी घेतलाच तर बाकीच्या वस्तऱ्यांजवळ ठेवू नका, ती वाफ शेजाऱ्यांनाही गंजवते. शिवाय हे साहित्य चटकन पेट घेतं.

पोलादी

निसण्याशी सहमत. एकही बोली नाही, त्याचं कारणही तेच असावं. बाकीच्यांनी ओळखलंय.

लखलखाट

मी यातला "तिसरा माणूस". मोडके-गंजके वस्तरे गठ्ठ्याने घेतो, साफ करतो, मूठ बदलतो, धार लावतो आणि पुन्हा लिलावात काढतो. धागाकर्त्याच्या दोन ग्राहकांत मी बसत नाही, पण गठ्ठ्यांच्या लिलावात तुम्ही सहसा माझ्याशीच झुंजत असता. संग्राहकांना आम्ही व्हिलन वाटतो. मी घेतो ते बहुतेक वस्तरे भंगारातच गेले असते. आरशासारखं पातं बघून नवा माणूस या छंदात येतो, हेही ध्यानात घ्या.

पोलादी

तुमचं काम मी बघितलंय, हात चांगला आहे. माझी तक्रार दोन गोष्टींवर. पॉलिशच्या चाकाने छाप गुळगुळीत होते, ती परत येत नाही. दुसरं, उष्णता. पातं कठीण केल्यावर साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी उतरवलेलं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा तापवलेलं असतं. पातळ धार चाकावर त्याहून तापली की तिथली कठिणता गेली, आणि वरून ते पातं लखलखीतच दिसतं. हाताने केलं की चाकावर केलं, हे तुम्ही वर्णनात लिहिता. तुमच्यासारखे बाकीचे लिहीत नाहीत.

लखलखाट

मान्य. चाकावर घेतलेली पाती ओळखायची असतील तर कडा बघा. मानेच्या खांद्याच्या, छापेच्या अक्षरांच्या, पाठीवरच्या नक्षीच्या कडा गोलावलेल्या असतात, आणि पिनेजवळच्या खोबणीत पॉलिशचा काळा मळ राहतो. धारेजवळ निळसर किंवा तांबूस-पिवळी झाक असली तर तापलंय हे नक्की. पण पुन्हा पॉलिश करून ती झाक घालवता येते, तेव्हा नसली तर निर्धास्त होऊ नका. आता मी माझ्याच धंद्याची गुपितं सांगतोय!

आणि फिलार्मोनिका या स्पॅनिश वस्तऱ्यांबद्दल कुणीतरी लिहा. त्यातला मोन्सेरात पोऊने बनवलेला १४ नंबर दिसला की लोकांचं भान सुटतं.

शेवटचा_ठोका

वस्तरा चांगलाच आहे, पण तिथे नावाचे पैसे द्यावे लागतात. तेवढ्या पैशांत स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाचा हेल्येस्ट्रांड, एखादा थिएरचा फ्रेंच आणि वर एक झोलिंगेन येईल, आणि दाढीला तिघेही कमी पडणार नाहीत. संग्राहक असाल तर गोष्ट वेगळी. मग वाद नाही, फक्त खिसा.

अडगळ

माझा प्रश्न विकणाऱ्याच्या बाजूचा. घरातल्या जुन्या ट्रंकेत वस्तऱ्यांची एक चळत निघाली. दोन-तीन चांगले दिसतात, बाकी गंजलेले. घासूनपुसून एकत्र लिलावात टाकू का?

पोलादी

घासू तर अजिबात नका! मऊ फडक्याने धूळ पुसा, तेलाचा पातळ हात द्या आणि थांबा. लोखंडी काथ्या, काचकागद, आंबट रसायनं यांतलं काहीही नको. ज्याला साफ करायचंय तो घेतल्यावर करेल.

चांगले वेगळे काढा आणि एकेक विका, गंजके एकत्र. चांगला वस्तरा गठ्ठ्यात टाकलात तर तो लखलखाट यांना भेट दिल्यासारखा होईल. शीर्षकात छापेवरचे शब्द जसेच्या तसे लिहा, चुकीचं स्पेलिंग असलं तरी दुरुस्त करू नका. शेफील्डच्या गाजलेल्या नावांच्या नकला त्याच काळात झाल्या आहेत, आणि एका अक्षराचा फरक हीच त्यांची ओळख असते. दोष स्वतःहून फोटोत दाखवा. त्याने किंमत पडते असं वाटतं, पण दोष दाखवणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात. "दुर्मीळ" हा शब्द टाळा, तो वाचून जाणकार पुढे सरकतात.

सुरुवातीची किंमत कमी ठेवली की बघणारे वाढतात, पण त्या दिवशी दोनच आले तर कवडीमोलाने जातो. राखीव किंमत (त्याखाली विकायचं नाही असा आकडा) ठेवली की पुष्कळ जण बोलीच लावत नाहीत. मी म्हणेन, ज्या आकड्याला गेला तर झोप उडणार नाही तीच सुरुवात ठेवा. त्याआधी तशाच वस्तऱ्यांचे झालेले सौदे बघा. मागितलेल्या किमती नव्हे, विकल्या गेलेल्या.

लखलखाट

अडगळ यांनी धागाकर्त्याचं ऐकू नये असं माझं नम्र मत आहे. सगळे एकत्र टाका, लवकर टाका. :)

अडगळ

हाहा, लक्षात आलं. एक पातं पाचरीसारखं जाड, मानेवर मुकुट आणि डब्ल्यू. आर. आहे असं वाटतंय. बाकी अक्षरं गंजाखाली आहेत. थोडं घासून वाचू का?

सातवार

नको नको! तिरपा उजेड पाडून फोटो काढा, दोन-चार कोनांतून. अक्षरं न घासता वाचता येतील. आणि इथे टाका, आम्ही सगळे डोळे फाडून बघतो.

नियमावली

देशाबाहेर पाठवायचं झालं तर: जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात वस्तरे ८२१२ या क्रमांकाखाली येतात, आणि १०० वर्षांहून जुन्या वस्तू ९७०६ खाली. ९७०६ लिहायचं तर वय दाखवणारं काहीतरी हाताशी हवं. इथे ती मुकुटाची छाप कामाला येईल. किंमत खरी लिहा, "भेट" लिहू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर मिळते. काही टपाल आणि कुरियर सेवा धारदार वस्तू घेतच नाहीत, तेव्हा लिलाव लावण्याआधी विचारून घ्या.

निसणा

आणि बांधणी. वस्तरा मिटलेला, पात्याला तेल, भोवती कागद, मग दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घट्ट. पातं प्रवासात उघडता कामा नये. चिकटपट्टी मुठीला किंवा पात्याला थेट लावू नका. काढताना सोनेरी मुलामा तिच्याबरोबर निघून येतो. रबरबँडही थेट नको, रबरातल्या गंधकाने धातू काळवंडतो. कागदाच्या गुंडाळीवरून दोरा बांधा. सेल्युलॉइडची मूठ असेल तर ते पार्सल वेगळं.

अडगळ

फोटो काढलेत. मुकुटाखाली डब्ल्यू. आर. नक्की आहे, पुढे "कास्ट स्टील" वाचता येतंय. बनवणाऱ्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं गंजाने खाल्लीत. नवा धागा काढून तिथे टाकतो.